पेशींच्या ऊर्जेची जाहिरात आणि आपले ताट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पुरवणीत अलीकडे ‘पेशींची ऊर्जा वाढवा’ अशा आशयाचे लेख वारंवार येऊ लागले आहेत. सतत थकवा येणे, दुपारी डोळे जड होणे, जिना चढताना धाप लागणे, केस गळणे अशा तक्रारी आधी मोजायच्या, त्या सर्वांचे मूळ पेशींमधील तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया, दुबळ्या झाल्या यात आहे असे पुढे सांगायचे, आणि अखेरीस को-एन्झाइम क्यू-टेन, एनएमएन, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड यांपैकी एखाद्या पूरकाचे नाव घ्यायचे, असा या लेखांचा साचा ठरून गेला आहे. त्याच पानावर, कधीकधी लेखाला अगदी खेटून, त्याच पूरकाची जाहिरात असते. मी सोलापुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवीत असे. निवृत्त झाल्यावरही शेजारच्या बायका आणि जुन्या विद्यार्थिनी रक्ततपासणीचे अहवाल आणि अशा पूरकांच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. या लेखांतले विज्ञान सरसकट खोटे असते असे माझे म्हणणे नाही. ते अर्धेच सांगितले जाते, आणि जे अर्धे गाळले जाते तेच महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांच्या कामाचे असते, ही माझी तक्रार आहे.

पेशीला ऊर्जा मिळते ती एटीपी या रेणूच्या रूपात. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. सुब्बारावांचे नाव आपल्याकडे शाळेत आवर्जून शिकवायला हवे होते. ते शिकवले जात नाही, ही खंत पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवताना मला दरवर्षी वाटे. आपण खाल्लेल्या भाकरीतल्या पिष्टाचे ग्लुकोज होते, ग्लुकोजचे पायरुव्हेट होते, ते तंतुकणिकेत शिरून अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए बनते, क्रेब्स चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यातून फिरते आणि शेवटी इलेक्ट्रॉनांच्या वहनसाखळीत प्राणवायूच्या साहाय्याने एटीपी तयार होतो. तेलातुपातले स्निग्ध पदार्थ आणि वेळप्रसंगी डाळीतली प्रथिनेही याच चक्राला येऊन मिळतात. माणूस दिवसभरात जेवढा एटीपी घडवतो आणि मोडतो, तो साधारण त्याच्या स्वतःच्या वजनाएवढा भरतो. शरीरात त्याचा साठा मात्र कोणत्याही क्षणी अगदी थोडा असतो, त्यामुळे हे काम क्षणभरही थांबून चालत नाही.

या प्रत्येक पायरीवर विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, मदतनीस लागतात आणि त्यांतले बरेचसे आपल्याला आहारातूनच मिळवावे लागतात. पायरुव्हेट चक्रात शिरते त्या दारावर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ लागते. रायबोफ्लेविनपासून (ब-२) एफएडी आणि नायसिनपासून (ब-३) एनएडी बनते. इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम ही दोन सहविकरे करतात. को-एन्झाइम ए हे पॅन्टोथेनिक आम्लापासून घडते. वहनसाखळीतल्या सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांच्या गाभ्यात लोह असते, शेवटच्या विकरात लोहाच्या जोडीला तांबेही असते, आणि तयार झालेला एटीपी पेशीत बहुतांशी मॅग्नेशियमला बिलगूनच वावरतो. यातला एकही पदार्थ दुर्मीळ नाही. धान्याचा कोंडा, डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या, दूध, अंडी, मासे यांत ही सगळी मंडळी आहेत. ज्या एनएडीच्या नावाने आज महागड्या कुप्या विकल्या जातात, ते शरीर नायसिनपासून आणि प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवते, हे वाक्य त्या लेखांत मला कधी वाचायला मिळाले नाही.

या साखळीच्या शोधात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करत असताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे आढळले, आणि त्या संशोधनावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. प्राण्यांच्या पेशी ज्या यंत्रणेने श्वसन करतात तीच यंत्रणा बटाट्यातही आहे, हा त्याचा अर्थ. मायदेशी परतल्यावर त्यांनी तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केले, नीरेचा आणि कडधान्यांचा पोषणाच्या दृष्टीने अभ्यास केला, आणि उत्तरायुष्यात ग्राहकांची फसवणूक रोखण्यासाठी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कामात त्या हिरिरीने उतरल्या. पेशीच्या श्वसनावर मूलभूत संशोधन केलेली ही बाई स्वयंपाकघरातल्या भेसळीवर आणि जाहिरातींतल्या दाव्यांवर बोलायला कधी कचरली नाही, म्हणून हा संदर्भ मुद्दाम देत आहे.

ज्या कुन्नूरचा वर उल्लेख आला, तिथे १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी काम सुरू केले ते बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी. तीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. बेरीबेरी हा पेशींच्या ऊर्जेचाच रोग आहे. थायमिन नसले की पायरुव्हेट दारातच अडते, आणि ज्यांना सर्वाधिक ऊर्जा लागते ते हृदय आणि मज्जातंतू आधी गळाठतात. जावामध्ये डच डॉक्टर एइकमन यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या आणि कोंडा खाऊ घातल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या; या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल मिळाले. आपल्या देशात गिरणीत पॉलिश केलेला कच्चा पांढरा तांदूळ खाणाऱ्या किनारी आंध्रात हा रोग होता आणि उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत तो जवळजवळ नव्हता, कारण भात उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि पॉलिश केल्यावरही टिकून राहते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सकाळी उकड्या तांदळाची पेज पिणारी माणसे, दाणा आणि त्याचे पाणी दोन्ही पोटात घालून, ब-गटातल्या जीवनसत्त्वांची नकळत राखण करीत आली आहेत. आज तिथल्याही तरुण घरांत उकड्याची जागा पांढऱ्याशुभ्र तांदळाने घेतली आहे आणि त्याचे पाणी मोरीत ओतले जाते. हैदराबादच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे थायमिन सुमारे ०.०५ मिलिग्रॅम दिले आहे, ज्वारीत ते त्याच्या सातपट, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिग्रॅम आहे.

ज्वारीचा विषय निघाला आहे तर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण भरड धान्यांच्या वर्षानंतर, म्हणजे २०२३ नंतर, तिच्याबद्दल केवळ स्तुतीच ऐकू येते. दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. उन्हाला लागणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, हगवण आणि बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे, आणि नायसिनचा तुटवडा हे त्याचे कारण. राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकंटिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले, तरी रोग कोणाला होत होता याबद्दल फारशी शंका नव्हती: ज्यांच्या ताटात भाकरीखेरीज काही पडत नव्हते त्यांना. आमच्या सोलापुरात भाकरीच्या जोडीला शेंगाचटणी असते. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटतात, आणि हाताला लागलेले ते लालसर तेल भाकरीच्या पापुद्र्याला पुसून पहिला घास घेतात. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन आणि जवळजवळ पाव भाग प्रथिने असतात. ज्या कोणी ही जोडी लावली त्यांना एनएडी ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते जाणून केले असे म्हणण्याचा मोह मी टाळते. शेंगदाणा स्वतःच दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आलेला आहे. पण जोडी चोख आहे, आणि मंगळवेढ्याची भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी घेऊन ती नुसत्या पोह्यांच्या, चिप्सच्या पुड्यांत खाल्ल्याने ती साधत नाही.

आता लोहाकडे येते, कारण या राज्यातल्या थकव्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे कारण तेच आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया असल्याचे आढळले. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी असू शकतो. तो कितीही खाली आणला तरी ती मामुली गोष्ट ठरत नाही. शिवाय हिमोग्लोबिन घसरण्याच्या बरेच आधी शरीरातला लोहाचा साठा आटतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो, आणि त्या अवस्थेतही बाई थकलेली असू शकते, कारण लोह हिमोग्लोबिनमध्ये असते तसे स्नायूंतल्या तंतुकणिकांच्या सायटोक्रोमांतही असते. कमलाबाईंना बटाट्यात सापडलेला तो सायटोक्रोम सी लोहावाचून बनतच नाही. म्हणजे जिना चढताना धाप लागणारी जी स्त्री त्या लेखांच्या सुरुवातीला भेटते, तिच्या तंतुकणिका खरोखरच उपाशी असू शकतात. तिला हवे असते लोह, आणि लेख तिला क्यू-टेन सुचवून मोकळा होतो.

लोह कशात आहे हे विचारल्यावर बहुतेक जणी पालक, बीट आणि गूळ ही तीन नावे घेतात. पालकातल्या लोहाचा फार थोडा अंश अंगी लागतो. बीटाच्या रंगामुळे त्याला जी ख्याती मिळाली आहे ती त्याच्या लोहाच्या मानाने अवाजवी आहे, आणि गुळाचा खडा कितीही गडद असला तरी पोटात जातो तो एवढासा. वर उल्लेखिलेल्या तक्त्यांत बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह आहे, ज्वारीत व गव्हात चारच्या आसपास, पांढऱ्या तांदळात एकाहूनही कमी. मटकी, कुळीथ, हरभरा, तीळ, माठ आणि राजगिऱ्याची पाने, हळिवाचे लाडू हे सगळे या कामाचे आहे. ज्यांना सामिष चालते त्यांना कलेजीने, मटणाने आणि सुकटीने जे साधेल ते अधिक सहज साधेल, कारण मांसातले लोह आतड्यात अधिक चांगले शोषले जाते. भारतीय स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. स्वयंपाक करून शेवटी उरलेले खाण्याची रीत असलेल्या घरांत बाईच्या वाट्याला नेमके उलट प्रमाण येते.

किती खाल्ले याइतकेच त्यातले किती शोषले गेले हे महत्त्वाचे आहे आणि इथे आपल्या जुन्या सवयी कामाला येतात. धान्याच्या व कडधान्याच्या टरफलातले फायटेट लोहाला आणि जस्ताला धरून ठेवते. मटकी रात्रभर भिजवून, निथळून, फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवली की दुसऱ्या दिवशी तिला बोटाच्या पेराएवढे मोड येतात, आणि त्या काळात दाण्यातलेच विकर फायटेट मोडत असते. आंबवण्यानेही हेच होते. जेवणात लिंबाची फोड, कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर, आवळ्याचे लोणचे असले की क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतले लोह दुप्पट-तिप्पट शोषले जाऊ शकते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा हे शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असे स्पष्ट म्हटले आहे. सकाळी चहा-चपातीवर घराबाहेर पडणाऱ्या आणि दुपारी डब्यानंतर लगेच पुन्हा चहा घेणाऱ्या आपल्या नोकरदार स्त्रियांना ही एक ओळ पुरवणीने पहिल्या पानावर ठळक छापून सांगितली असती, तर कुठल्याही पूरकापेक्षा तिचा अधिक उपयोग झाला असता.

शाळांतून दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी मोफत दिली जाते. ही गोळी खाऊन पोटात मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून कित्येक मुली ती बाईंसमोर तोंडात धरतात आणि वर्गाबाहेर थुंकतात. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो आणि तो निरुपद्रवी असतो, गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते, एवढे दोन शब्द त्यांना कोणी समजावून सांगत नाही. तीच मुलगी पुढे नोकरीला लागली की दरमहा हजारो रुपयांची ‘एनर्जी’ गोळी आपणहून विकत घेते.

लोहानंतरची मोठी तूट ब-१२ ची आहे, आणि तिचा सर्वांत चांगला पुरावा पुण्यातूनच आला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व परिसरातल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ ची पातळी कमी आढळली, आणि खेड्यातल्या लोकांपेक्षा शहरी मध्यमवर्गात ही तूट जास्त होती. मानवी शरीरात ब-१२ वर अवलंबून असलेली विकरे फक्त दोन आहेत. त्यांतले एक तंतुकणिकेतच असते, आणि काही स्निग्धाम्लांचे व अमिनो आम्लांचे अवशेष क्रेब्स चक्रात आणून सोडण्याचे काम ते करते. ते अडले की मिथाइल मॅलोनिक आम्ल रक्तात साचते. थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा ही लक्षणे हळूहळू उमटतात, आणि ‘वयोमानाने होते’ म्हणून ती अंगावर काढली जातात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही तूट अधिक संभवते; त्यांनी आपल्या डॉक्टरांना ब-१२ च्या तपासणीबद्दल जरूर विचारावे.

हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. स्पिरुलिना या शेवाळात ते असल्याचा दावा केला जातो, परंतु त्यात आढळणारा बहुतेक भाग माणसाला निरुपयोगी असलेल्या रूपातला असतो. मोड आलेल्या कडधान्यांत ब-१२ असते हाही असाच एक पक्का झालेला गैरसमज आहे. बांगडा, तारली, सुकट, अंडी, कलेजी खाणाऱ्यांना फारशी चिंता नको. शाकाहारी घरात दूध, दही, ताक आणि पनीर एवढाच आधार उरतो, आणि तो दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास पोटात गेला तरच पुरतो; चहात घातलेले दोन चमचे दूध या हिशेबात धरता येत नाही. ज्यांना एवढे परवडत नाही किंवा पचत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची साधी गोळी घ्यावी. या एका बाबतीत मी गोळीच्या पूर्णपणे बाजूची आहे, आणि ती गोळी स्वस्त असते. कदाचित म्हणूनच तिच्यावर लेख येत नाहीत.

स्वस्त धान्य दुकानांतून मिळणाऱ्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळलेले असते. साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा तांदळाच्या पिठापासून यंत्रावर घडवलेला असतो. धुताना तो वर तरंगतो, किंचित पिवळसर दिसतो, आणि ‘रेशनवर प्लॅस्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई उठते. आमच्या वस्तीतल्या बायका सुपात तांदूळ पसरून ते दाणे एकेक करून वेचून टाकताना मी पाहिल्या आहेत. ज्या दाण्यांत हे मिसळलेले सगळे पोषण आहे नेमके तेच. असा तांदूळ हा आहारातल्या विविधतेला पर्याय आहे का, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांनी तो कसा घ्यावा, यावर मतभेद आहेत आणि ते मांडले जावेत. पण तो प्लॅस्टिकचा नाही, एवढे तरी वृत्तपत्राने निःसंदिग्धपणे सांगायला हवे. ती अफवा मी आधी मोबाइलवर वाचली आणि नंतर, प्रश्नचिन्ह लावून का होईना, छापील मथळ्यातही वाचली.

शालेय पोषण आहाराचा मुद्दाही याच विषयात येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने मुलांना आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबवण्यात आला. त्या काळात जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी शाकाहार-मांसाहाराच्या अंगाने झाली. अंड्यात उत्तम प्रथिने, रायबोफ्लेविन आणि ब-१२ असते, केळ्यात ब-१२ मुळीच नसते, त्यामुळे केळे हा अंड्याचा पर्याय नसून दूध हा त्याचा खरा पर्याय ठरला असता, ही साधी गोष्ट त्या सगळ्या गदारोळात कोणी मांडल्याचे मला आढळले नाही.

जी पूरके या पत्राचे निमित्त झाली त्यांच्याविषयी थोडक्यात. को-एन्झाइम क्यू-टेन शरीर स्वतः तयार करते. काही जन्मजात विकारांत आणि हृदयाच्या काही रुग्णांत डॉक्टर ते देतात, तो स्वतंत्र विषय आहे. एनएमएन, ज्यापासून शरीर एनएडी बनवते, ते घेतल्याने रक्तातले एनएडी वाढते हे खरे, परंतु त्यामुळे निरोगी माणसाचा थकवा जातो किंवा आयुष्य वाढते याला माणसांवरच्या प्रयोगांतून भक्कम आधार मिळालेला नाही. कार्निटिन हे असेच आणखी एक पूरक; तेही शरीर दोन अमिनो आम्लांपासून बनवते, आणि त्यासाठी त्याला क जीवनसत्त्व आणि पुन्हा तेच लोह लागते. अति मात्रेचे धोके मात्र खरे आहेत. नायसिनच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते, ब-६ च्या मोठ्या मात्रेने दीर्घकाळात मज्जातंतू बधिर होतात, आणि केसांसाठी म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या बायोटिनने थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. प्रयोगशाळेत रक्त देण्याआधी बायोटिन घेत असल्याचे सांगावे, ही सूचना निदान त्या जाहिरातीखाली तरी छापली जावी. शरीराला नव्या तंतुकणिका घडवायला लावणारा खात्रीचा उपाय म्हणजे नियमित चालणे-धावणे, आणि तो कोणी बाटलीत भरून विकू शकत नाही.

या बाटल्यांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि ग्राहक त्यालाच गुणाची ग्वाही समजतो. कायद्याच्या दृष्टीने ही उत्पादने औषधे नसून अन्नाच्या सदरात मोडतात. परवाना मिळाला म्हणजे त्यांनी थकवा जातो हे सिद्ध झाले, असा अर्थ होत नाही. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ त्यांच्या वेष्टनावर असते, ती भिंगाशिवाय वाचता येत नाही. जाहिरात आणि बातमी यांत वाचकाला स्पष्ट फरक कळला पाहिजे, हे प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या निकषांत नमूद आहे. आपल्या पुरवणीतला ‘प्रायोजित’ हा शब्द लेखाच्या शेवटी, छायाचित्राच्या श्रेयनामाएवढ्या बारीक टायपात असतो. तो मथळ्याच्या वर आणि मथळ्याच्याच टायपात यावा, अशी माझी आपल्याला पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती अशी, की आरोग्य पुरवणीत पोषणावर लिहिणाऱ्याने संबंधित उत्पादकाकडून मानधन, प्रवासखर्च किंवा नमुने घेतले असतील तर ते लेखाखाली नोंदवण्याचा नियम आपण करावा. आणि तिसरी, पुढच्या महिन्यात सणासुदीच्या पूरक-जाहिरातींचा हंगाम सुरू होईल त्याआधी, एक पूर्ण पान फेरिटिन, हिमोग्लोबिन आणि ब-१२ या तीन तपासण्यांसाठी, शासकीय रुग्णालयात व प्राथमिक आरोग्य केंद्रात यांतले काय मोफत होते याच्या जिल्हावार माहितीसाठी, आणि रेशनच्या तांदळातले ते पिवळसर दाणे का वेचून टाकू नयेत हे छायाचित्रासह दाखवण्यासाठी द्यावे. त्या पानाचा मजकूर तपासून देण्याची माझी विनामोबदला तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
जीवरसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर